जत्रेच्या नाटकाला प्रायोजक मिळाला तेव्हा : डिचोली तालुक्यातल्या एका गावाचं प्रकरण

मी गेली नऊ वर्षं आमच्या गावच्या नाट्यमंडळाचा खजिनदार आहे. पुढचं प्रकरण 2024 आणि 2025 या दोन जत्रांच्या आगेमागे घडलं. गावाचं, माणसांचं आणि कंपनीचं नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हाच प्रसंग दुसऱ्या गावातल्या मंडळापुढे आला, तर आम्ही कुठे चुकलो हे त्यांना आधी कळावं, एवढ्यासाठी लिहितो आहे.

पार्श्वभूमी

माघात आमच्या ग्रामदेवतेची जत्रा असते आणि त्या रात्री गावच्याच मंडळींनी बसवलेलं मराठी नाटक होतं. गोव्यातल्या उत्सवी रंगभूमीची ही रीत वाचकांना सांगायला नको. दिवाळी झाली की देवळाच्या आवारातल्या अग्रशाळेत तालमी सुरू होतात. पंचायतीतला कारकून, कुंडईच्या कारखान्यातला फिटर, शाळेच्या बसचा, म्हणजे बालरथाचा ड्रायव्हर, सगळे रात्री साडेनऊला जेवून येतात. पेटीवाले काका सत्तरीच्या पुढचे आहेत, पण तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. नाटक चांगलं झालं की वर्षभर गावात त्याचीच चर्चा असते.

खर्चाची बाजू लोकांना दिसत नाही. प्रकाश आणि ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा, बाहेरून बोलवायच्या दोन अभिनेत्री, तबला-ऑर्गनची साथ, तालमींचा चहा, असं धरून 2024 मध्ये आम्हाला 2 लाख 60 हजार लागले.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. डिचोलीत खाणी चालू होत्या तेव्हा ट्रकमालक आणि बार्जवाले न मागता पैसे देत. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मधे काही काळ चालू झाल्या आणि 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या. ट्रक विकले गेले आणि वर्गणीच्या वहीतली मोठी नावं गेली. त्या पैशाबद्दल आम्ही तेव्हा एक प्रश्नही विचारला नव्हता, हे इथेच नोंदवतो. शेतात मातीचा गाळ येत होता, रस्त्याकडेच्या झाडांची पानं तांबडी व्हायची आणि आम्ही रंगमंचावर खाणमालकाला नारळ-शाल देत होतो. पुढे सभेत हा मुद्दा आमच्याच अंगावर आला, आणि तो योग्य होता.

पहिलं वर्ष

2024 च्या जत्रेआधी 45 हजारांची तूट दिसत होती. मंडळातल्या एका मुलाच्या ओळखीतून पणजीतली एक जाहिरात संस्था आली. पैसे लावून खेळायचे खेळ मोबाईलवर चालवणाऱ्या एका कंपनीचं काम ती पाहत होती. क्रिकेटचा संघ निवडा, रमी खेळा, जिंका, अशा तऱ्हेचे खेळ. देणगी 40 हजार. बदल्यात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना फलक, हस्तपत्रकाच्या मागे क्यूआर कोड, दोन अंकांच्या मध्ये प्रायोजकाचं नाव घ्यायचं आणि खाजेवाल्यांच्या रांगेत त्यांचा एक स्टॉल.

आम्ही पंधरा मिनिटांत हो म्हटलं. सभा घेतली नाही. फलक देवस्थानच्या जागेत लागणार होते, पण देवस्थान समितीला विचारलं नाही, कारण नाट्यमंडळ वेगळं, देवस्थान समिती वेगळी, असा आमचा समज. त्या संस्थेच्या माणसाने सहज म्हणून सभासदांची आणि वर्गणीदारांची यादी मागितली, "निमंत्रणाचा मेसेज पाठवायला". ती यादी माझ्याकडेच होती. 312 नावं, त्यांच्यापुढे मोबाईल क्रमांक आणि वाडा. मी ती व्हॉट्सॲपवर पाठवून दिली.

जत्रेच्या रात्री स्टॉलवर गर्दी होती. ॲप उतरवून घेणाऱ्याला टी-शर्ट आणि खात्यात 50 रुपये. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या माणसाचा फोन आला, 190 जणांनी नोंदणी केली म्हणून खुशीत होता. आम्हीही खूश झालो.

पुढे कधीतरी मी त्या आकड्याचा भागाकार केला. 40 हजारांना 190 ने भागलं की माणशी सुमारे 210 रुपये येतात. तो भाव नाटकाचा नव्हता, माणसांचा होता. कंपनीने आमच्याकडून माणसं घेतली होती आणि आम्ही वहीत "देणगी" लिहिलं होतं.

अडचण

मंडळातला एक तेवीस वर्षांचा मुलगा. त्याला इथे सुबोध म्हणू. हुशार नट, आवाज चांगला, नोकरी कारखान्यात. त्याने जत्रेच्या रात्री नोंदणी केली होती. मार्चअखेरीस आयपीएल सुरू झालं, जूनमध्ये टी-ट्वेन्टी विश्वचषक. आधी 50 रुपयांचे डाव, मग पाचशेचे. क्रिकेट नसलं की रमी.

ही ॲप कशी चालत ते नंतर त्यानेच मला त्याच्या फोनवर दाखवलं. पहिल्या दिवसांत छोट्या रकमा मिळत. पैसे भरायला एक बोट पुरे, यूपीआय आधीच जोडलेलं असे. काढायला मात्र ओळखीचे कागद लागत, आणि जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 30 टक्के कर आधीच कापला जाई. दोन दिवस खेळला नाही की रात्री नऊच्या सुमारास सूचना येई, "तुमच्यासाठी बोनस थांबला आहे". नऊ ही जेवणाची, म्हणजे माणूस फोन हातात घेण्याची वेळ. जत्रेतही पत्ते आणि फाशांचा जुगार पूर्वापार चालत आला आहे, त्याचं समर्थन मी करत नाही. पण जत्रेतला जुगार पहाटे उठतो. चटया गुंडाळल्या जातात आणि हरलेला माणूस घरी जातो. हा खेळ घरी जाऊच देत नव्हता, कारण तो घरातच होता.

सप्टेंबरात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. सुबोधच्या आईने पाटल्या मागितल्या. पाटल्या पतसंस्थेत गहाण होत्या. त्यावर झटपट कर्ज देणाऱ्या दोन ॲपांचे हप्ते थकलेले. एकूण गेलेली रक्कम 1 लाख 86 हजार. चवथीच्या दुसऱ्या दिवशी त्याचे वडील माझ्या दारात आले. ओरडले नाहीत. गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीची फळं उतरवायची राहिली होती, त्यांकडे बघत एवढंच म्हणाले, "तुम्ही आणलं ते बरं असेल असं वाटलं."

आणि दोन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरच्या शेवटी, त्याच जाहिरात संस्थेचा नवा प्रस्ताव आला. या वेळी दीड लाख.

समोर असलेले पर्याय

नव्या नाटकाचा अंदाज 2 लाख 80 हजार होता. वर्गणी आणि किरकोळ जमा धरून 1 लाख 70 हजार दिसत होते. तूट 1 लाख 10 हजारांची. म्हणजे प्रस्ताव घेतला तर तूट भरून नवा पडदाही झाला असता.

पहिला पर्याय होता तोच. अटी मी तीनदा वाचल्या. 60 हजार आगाऊ. उरलेले 90 हजार 500 नवीन खाती झाल्यावर. नवीन खातं कशाला म्हणायचं हेही लिहिलं होतं : ॲप उतरवलेलं, क्रमांक पडताळलेला आणि पहिले किमान 100 रुपये भरलेले. आमच्या गावात मतदारच बाराशेच्या आसपास. या अटीवर सही केली असती तर नाटकाचा पडदा नीट उघडण्यापेक्षा लोकांनी शंभर रुपये भरणं आमच्या जास्त हिताचं झालं असतं. पैसे देण्याची पद्धत पाहिली की देणाऱ्याचा हेतू कळतो. कंपनीचं पत्रक फार गोड होतं, "लोककलेच्या संवर्धनासाठी" असं त्यात दोनदा आलं होतं, पण हप्त्यांच्या तक्त्यात लोककला कुठेच नव्हती.

दुसरा पर्याय, पैसे घ्यायचे पण क्यूआर कोड आणि स्टॉल नको. आम्ही तसं कळवलं. फोनवर उत्तर आलं की क्यूआर नसेल तर बजेट नाही. या उत्तराने माझं मन बरंचसं ठरलं.

तिसरा, दुसरा प्रायोजक. एक भूखंड पाडून विकणारा विकासक तयार होता. गावच्या टेकडीवर त्याचा डोळा आहे हे सगळ्यांना माहीत. नगर नियोजन कायद्याच्या, जमिनीचा झोन बदलू देणाऱ्या 39अ कलमावरून तेव्हा गोवाभर वाद चालू होता. हा पर्याय दहा मिनिटांत बाजूला पडला.

चौथा, नाटक लहान करायचं आणि गावातूनच पैसे उभे करायचे. पाचवा, एक वर्ष नाटकच नको. पाचव्याबद्दल पेटीवाले काका म्हणाले की एकदा खंड पडला की मुलं तालमीची सवय विसरतात. त्यावर कोणी पुढे बोललं नाही.

सभा

नोव्हेंबरच्या एका रविवारी अग्रशाळेत सत्तावीस जण जमले. मी ही सभा सविस्तर सांगतो, कारण निर्णय तिथे झाला आणि विरोधी बाजू पोकळ नव्हती.

तरुण मुलांचं म्हणणं असं. खाणीचे पैसे तुम्ही वर्षानुवर्षं घेतले, तेव्हा पाणी, शेती, धूळ आठवली नाही. आता आमची पाळी आली तेव्हा तत्त्व आठवलं. दुसरं, फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर अशाच कंपनीचं नाव आहे, मग आपल्या फलकाने काय होणार? खेळणारा खेळणारच. तिसरं, हे तेव्हा बेकायदा नव्हतं. कौशल्याचा खेळ म्हणून न्यायालयांनी काही खेळांना मान्यता दिली होती आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून सरकार त्यावर 28 टक्के जीएसटी घेत होतं. सरकारला चालतं, मंडळाला का नको?

पहिल्या मुद्द्याला उत्तर नव्हतं आणि मी ते द्यायचा प्रयत्न केला नाही. चूक झाली होती हे कबूल केलं. तिसऱ्या मुद्द्यावर आमच्या दिग्दर्शकांनी कॅसिनोंचं उदाहरण दिलं. गोव्याच्या 1976 च्या जुगारविषयक कायद्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांसाठी आणि 1996 मध्ये जहाजांसाठी वाट काढली गेली. तेही कायदेशीरच. तरीही 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला सरकारनेच मनाई केली, कारण घरं बुडत होती. म्हणजे आपल्या मुलाला मांडवी नदीतल्या कॅसिनोंच्या धक्क्यावर अडवतात आणि तोच डाव आपण देवळाच्या मंडपात आणून देतो.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर सुबोधने दिलं. तो येईल असं कोणाला वाटलं नव्हतं, दाराजवळ बसला होता. तो म्हणाला, "फलक बघून मी खेळलो नाही. माझ्या मित्रांकडे ॲप आधीच होतं. पण बाबांनी विचारलं हे काय, तेव्हा मी सांगितलं, कमिटीनं आणलंय. बाबांनी परत कधी विचारलं नाही."

मी स्वतःला समजूतदार माणूस समजतो, पण हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. कंपनीला जाहिरातीची जागा दूरदर्शनवर, जर्सीवर, सगळीकडे मिळत होती. आमच्याकडून तिला मिळाला तो घरातल्या मोठ्या माणसाचा होकार. तो तिला दुसरीकडे कुठेही विकत मिळाला नसता, आणि आम्ही तो माणशी 210 रुपयांना दिला.

पेटीवाले काका कोकणीत एवढंच बोलले, "पयशे कोण दिता तें सोड, कित्याक दिता तें विचार." म्हणजे पैसे कोण देतो ते सोड, कशासाठी देतो ते विचार. मतदान झालं. प्रस्ताव नाकारावा असं पंधरा जणांचं मत पडलं, घ्यावा असं नऊ जणांचं. तिघे तटस्थ राहिले.

पुढे केलेली कामं

एकाच दृश्यबंधाचं, कमी पात्रांचं नाटक निवडलं. बाहेरून एकच अभिनेत्री बोलवली. दुसरी भूमिका गावातल्या एका शिक्षिकेने केली, आणि फार ताकदीने केली.

पैशासाठी पावणी घेतली. देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव ही गोव्यातली जुनी रीत, पण पावणीचे पैसे देवस्थानचे असतात. म्हणून या वेळी रीतसर पत्र दिलं, देवस्थान समितीने ठराव केला आणि नाटकासाठी एक वेगळी पावणी झाली. नारळ, केळ्यांचे घड, एक नीरफणस, एक साडी. मुंबई-पुण्याला असलेल्या महाजनांना, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांना, व्हॉट्सॲपवर लिलाव ऐकवला आणि त्यांनी बोली लावून यूपीआयने पैसे पाठवले. एकूण 38 हजार जमले, त्यातले 14 हजार बाहेरगावचे. याच फोनवरून, याच यूपीआयवरून. माझा राग फोनवर नव्हता आणि नाही. फरक इतकाच की इथे व्यवहाराची दोन्ही टोकं आम्हाला दिसत होती : नारळ कोणी घेतला, पैसे कुठे गेले.

त्या 312 क्रमांकांच्या यादीबद्दल मी जाहिरात संस्थेला ईमेल लिहिला की यादी पुसून टाका आणि तसं लेखी कळवा. ईमेल मिळाल्याची आपोआप येणारी पोच आली. नंतर दोन स्मरणपत्रं पाठवली, उत्तर नाही. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला होता, पण त्याचे नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये. आमच्या वेळी हातात धरायला काठी नव्हती.

परिणाम

नाटक झालं. खर्च 1 लाख 68 हजार 500, जमा 1 लाख 57 हजार. 11 हजार 500 पाच जणांनी खिशातून घातले. प्रकाशयोजना साधी होती आणि दुसऱ्या अंकात ध्वनी दोनदा बंद पडला. लोक बसून राहिले.

प्रस्ताव घ्यावा असं मत दिलेल्या नऊ जणांपैकी सात जण मंडळ सोडून गेले. त्यांनी स्वतंत्र क्लब काढला आणि एप्रिलमध्ये त्याच कंपनीच्या पैशावर क्रिकेट स्पर्धा भरवली. स्पर्धा मोठी झाली, गर्दी जमली. नंतर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. असे खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं, दोन्ही गुन्हा ठरलं; खेळणाऱ्याला शिक्षा नाही. देशातले कोट्यवधी लोक दरवर्षी यात सुमारे 20 हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचाच अंदाज तेव्हा पुढे आला. जर्सीवरचं ते नावही उतरलं. क्लबचा दुसरा हप्ता आला नाही. चषकवाल्याचं आणि मंडपवाल्याचं देणं मुलांच्या गळ्यात राहिलं. त्यांतले तिघे आता परत तालमीला येतात, चौघे येत नाहीत. ज्यांच्याशी वीस वर्षांचा घरोबा होता, अशा दोन घरांत आमचं जाणं-येणं थांबलं आहे. निर्णय बरोबर होता असं मी आजही मानतो, पण ही किंमतही त्याच निर्णयाची आहे.

सुबोधच्या आईच्या पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत. कर्जाच्या ॲपांचे पैसे त्याच्या काकांनी भरून टाकले. गेल्या जत्रेत तो नाटकात नव्हता, पडद्यामागे सामान लावत होता. आणि यादीतल्या क्रमांकांना अनोळखी ठिकाणांहून पैजांच्या दुव्यांचे मेसेज येत राहतात. ते आमच्याच यादीतून गेलेले क्रमांक आहेत का, हे सिद्ध करता येणार नाही. मेसेज आला की कोणी ना कोणी मला दाखवतं. मी 1909 वर नको असलेल्या मेसेजांची तक्रार कशी करायची ते सांगतो, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 ला फोन करायला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक दीड लाखांच्या प्रस्तावाच्या वेळची नाही, 40 हजारांच्या वेळची आहे. लहान रक्कम होती म्हणून सभा घेतली नाही. आता मंडळाचा नियम असा आहे की कंपनीचा पैसा एक रुपया असला तरी सभेपुढे येतो, आणि पहिला प्रश्न "किती देतात" हा नसतो, "आपल्याकडून काय नेतात" हा असतो. फलक, नाव, यादी, स्टॉल, जे काही नेणार ते एका कागदावर लिहून मगच चर्चा होते.

यादी देणं ही सर्वस्वी माझी चूक. लोकांनी क्रमांक वर्गणीच्या पावतीसाठी दिला होता. तो दुसऱ्या कोणाला द्यायचा अधिकार मला नव्हता, आणि हे कळायला कायदा वाचावा लागत नाही. आता यादी कागदाच्या वहीत आहे, वही देवळाच्या कपाटात असते. मुलं म्हणतात हे मागासलेपण आहे. असेल, संगणकावर ठेवून सांभाळता येईल अशी सोय कोणी करून दाखवली तर मी वही सोडायला तयार आहे.

सभेत मुलांना मी खाणीच्या मुद्द्यावर चूक कबूल केली, पण पुढे काही बोललो नाही. तिथे थांबायला नको होतं. त्यांना नवा पडदा, चांगले दिवे, मोठं नाटक हवं होतं, आणि ती हौस रास्त होती. आम्ही "नको" म्हटलं, पण पुढच्या तीन वर्षांत दिव्यांसाठी पैसे कसे उभे करायचे याचा आराखडा त्यांच्यासमोर ठेवला नाही. तो ठेवला असता तर सातांपैकी काही जण राहिले असते.

सुबोधला सभेत बोलावं लागलं, हेही बरोबर झालं नाही. तो स्वतःहून आला, तरी त्याच्या घरची गोष्ट गावापुढे न येता निर्णय व्हायला हवा होता. अटींचा तक्ता पुरेसा होता. तो आम्ही नीट वाचून दाखवला असता तर त्याला तोंड उघडावं लागलं नसतं.

2024 चे ते 40 हजार वहीत अजून "देणगी" म्हणूनच आहेत. ते सुबोधच्या पतसंस्थेतल्या कर्जाकडे वळवावेत अशी सूचना एका सभासदाने केली. त्यावर दुसऱ्याने विचारलं की बाकीच्या 189 जणांचं काय, त्यातले किती बुडाले हे आपण कधी विचारलं का. आम्ही विचारलेलं नाही. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पाचव्या क्रमांकावर आहे, आणि तोवर वाड्यावाड्यांत जाऊन विचारायचं काम मी आणि शिक्षिकाबाईंनी वाटून घेतलं आहे.